तारा सहा आठवड्यांच्या, हात जन्माचा

न्हाणीघरातील ओल्या फरशीवर पाय घसरतो, तोल सावरण्यासाठी हात पुढे टेकला जातो आणि सारा भार मनगटावर येतो. उतारवयात मनगटाजवळचे हाड मोडण्याचे हे नेहमीचे कारण. हाड फारसे सरकले नसेल, तर प्लास्टर पुरते. बसवल्यावरही ते जागी राहत नसेल, तर तारांनी सांधण्याचा मार्ग डॉक्टर सुचवतात.

या तारांना ‘के-वायर’ म्हणतात. जर्मन शल्यचिकित्सक मार्टिन किर्शनर यांनी १९०९ साली त्या वापरात आणल्या. नावही त्यांच्या आडनावावरूनच पडले. भूल देऊन हाड बाहेरूनच ओढून जागेवर बसवतात. नंतर एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या दोन-तीन पोलादी तारा त्वचेतून हाडात नेतात. मोठा छेद घ्यावा लागत नाही. तारांची टोके बहुधा त्वचेबाहेर वाकवून ठेवतात आणि वर ड्रेसिंग व प्लास्टर येते.

ही टोके पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ‘प्लेट बसवली असती तर?’ अशी शंकाही मनात येते. ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हाड बाहेरून जागेवर बसवता आलेल्या या रुग्णांत, वर्षभरानंतर हाताच्या कामात तारा आणि प्लेट यांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र सांध्यातच हाडाचा चुरा झाला असेल, तर निर्णय वेगळा असू शकतो.

शस्त्रक्रिया लहान असली, तरी पुढचे चार ते सहा आठवडे लहान नव्हेत. ते घरच्यांच्या हाती असतात.

पहिल्या दिवसापासून बोटे हलवावीत. मूठ वळावी, पूर्ण उघडावी. कोपर व खांदाही हलता ठेवावा. ‘हात दुखेल’ या भीतीने बोटे निश्चल ठेवली, तर हाड जुळते, पण घास उचलणारी बोटे आखडून बसतात. सूज उतरेपर्यंत हात उशीवर उंच ठेवावा. दुखऱ्या हातातील बांगड्या-अंगठ्या पडल्याबरोबरच काढाव्यात.

ड्रेसिंग कोरडे राहिले पाहिजे. तारांपाशी हळद, तेल, लेप काहीही लावू नये. मालीश तर नकोच. मधुमेह असेल, तर साखर काटेकोरपणे सांभाळावी. वाढती वेदना, लाली, पू, दुर्गंधी, ताप, बोटे निळसर वा बधिर होणे यांपैकी काहीही दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. तार सैल वाटली, तरी ती स्वतः ढकलू अथवा ओढू नये.

हाड जुळल्यावर बाहेर ठेवलेल्या तारा बहुधा बाह्यरुग्ण विभागातच, भुलीविना काढल्या जातात. त्यानंतर मनगटाचे व्यायाम सुरू होतात.

एक गोष्ट मात्र विसरू नये. उभ्याउभ्या पडून मनगट मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची पहिली सूचना असू शकते. म्हणून प्लास्टर निघाले की हाडांच्या घनतेच्या तपासणीविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे आणि न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवून घ्यावा. मनगट तारांनी सावरते. खुब्याचे हाड मोडले, तर अख्खे घर अंथरुणापाशी थांबते.