ठाऊक नाही, हेही ठाऊक असावे

‘कौन बनेगा करोडपती’ हा दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांचा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. हा खेळ मूळचा ब्रिटनमधला. तेथे तो १९९८ साली सुरू झाला. २००० साली तो हिंदीत आला आणि २०१३ साली मराठीतही अवतरला. ज्याच्यापाशी माहितीचा मोठा साठा, तोच या खेळात जिंकतो, असे आपण समजतो. परंतु माझे मत थोडे निराळे आहे. या खेळात माहितीबरोबर आणखी एका गुणाची परीक्षा होते आणि तो गुण माहितीहून दुर्मीळ आहे.

तो गुण ओळखण्यासाठी खेळाचे नियम पाहू. २०१९ साली ते असे होते : आरंभी काही स्पर्धकांना एकच प्रश्न विचारला जाई. सर्वांत कमी वेळात अचूक उत्तर देणारा स्पर्धक सूत्रसंचालकासमोरच्या आसनावर बसे. मग एक हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंत चढत जाणारे पंधरा प्रश्न येत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असत. अडल्यास प्रेक्षकांचा कौल घेणे, दोन चुकीचे पर्याय काढून टाकणे अशा ‘लाइफलाइन’ एकेकदा वापरता येत. सोळावा प्रश्न सात कोटींचा. दहाव्या प्रश्नानंतर उत्तर चुकले, तर स्पर्धक एकदम ३,२०,००० रुपयांवर घसरे. मात्र उत्तर देण्यापूर्वीच ‘मी थांबतो’ असे म्हटले, तर मिळवलेली सारी रक्कम त्याची होई.

त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे या आसनावर बसल्या. त्या एका शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम करीत. पंधरा उत्तरे बरोबर देऊन त्यांनी एक कोटी रुपये मिळवले. पुढे सात कोटींचा प्रश्न उभा राहिला. नुसत्या तर्काने उत्तर द्यावे, तर चारांतील तीन पर्याय चुकीचे! बबिताताई थांबल्या आणि एक कोटी घेऊन घरी परतल्या. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस त्या लागल्या नाहीत.

कोणी म्हणेल, “हा तर भित्रेपणा झाला. धाडसावाचून यश कसे मिळणार?” मला हे पटत नाही. जे ठाऊक आहे ते ठामपणे सांगण्याचे धाडस त्यांनी पंधरा वेळा दाखवले होते. आपल्या माहितीची सीमा कोठे संपते हे ओळखणे आणि साऱ्या देशासमोर ते कबूल करणे, यालाही धाडसच लागते. उत्तरामागे काही कारण सांगता येत असेल, तर जरूर पुढे जावे. पण डोळे मिटून मारलेली उडी म्हणजे धाडस नव्हे. रोग न ओळखताच अंदाजाने औषध देणाऱ्या वैद्याला आपण शूर म्हणू काय?

आता आपल्या वर्गाकडे वळू. गुरुजी विचारतात, “समजले ना?” आणि सारा वर्ग एका सुरात उत्तरतो, “हो!” त्या सुरात ज्यांना काहीच उमगलेले नाही, असेही कित्येक आवाज मिसळलेले असतात. हसे होईल या भयाने ते गप्प राहतात. मग परीक्षेत तेच गणित पुन्हा समोर येते आणि त्या वेळी विचारायला कोणी नसते.

बालमित्रांनो, दूरचित्रवाणीवर ‘ठाऊक नाही’ म्हटले की खेळ संपतो. वर्गात मात्र ‘मला समजले नाही’ म्हटले की शिकणे सुरू होते. तेथे थांबल्याने पुढचे सात कोटी हुकतात. येथे तर काहीच गमवावे लागत नाही. मग हात वर करायला आपण का बरे कचरावे?