गुडघ्याची कसोटी उतरताना

मुंबईच्या अनेक उपनगरी स्थानकांवर सरकते जिने आले. पण कित्येक ठिकाणी ते फक्त वर नेतात, उतरायला पायऱ्याच. चढणे अवघड आणि उतरणे सोपे, हा त्यामागचा समज. दम लागण्यापुरता तो खरा आहे. गुडघ्याच्या बाबतीत नाही.

बर्लिनमधील संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच भारमापक बसवून गुडघ्यावरचा भार प्रत्यक्ष मोजला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांनुसार सपाट जागी चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तिपटीहून थोडा अधिक, तर उतरताना जवळपास साडेतीन पट भार येतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या स्त्रीच्या गुडघ्यावर उतरताना दर पायरीला २०० किलोंच्या आसपास. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीर सावकाश खाली सोडावे लागते, ब्रेक लावल्यासारखे. त्या वेळी गुडघा वाकलेला असतो आणि वाटीमागचा दाब वाढतो.

गुडघ्यांची झीज पन्नाशीनंतर पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते. दुखरा गुडघा वाचवण्यासाठी शरीर नकळत चाल बदलते. चढताना धड पुढे झुकते, त्यामुळे मांडीचे काम काही प्रमाणात खुब्याच्या स्नायूंकडे जाते. उतरताना गुडघा कमी वाकतो, वेग मंदावतो, हात कठडा शोधतो, एकाच पायरीवर दोन्ही पाय टेकतात. तेवढ्यापुरता आराम मिळतो. पण काम न मिळालेले मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि सांध्याला मिळणारा आधार घटतो.

झिजेचे दुखणे सपाट रस्त्यावर जाणवण्याआधी बऱ्याचदा जिन्यावर जाणवते. घरात मात्र ‘आता वय झालं’ म्हणून ते सोडून दिले जाते. लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतीत याची किंमत मोठी असते. खाली उतरणे कमी होते. मग बाजार, देऊळ, दवाखाना, मैत्रिणी हळूहळू सुटतात. हालचाल घटली की स्नायू आणखी अशक्त होतात.

हे चक्र सुरुवातीलाच तोडता येते. मांडी व खुब्याच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून नियमित केल्यास वेदना कमी होतात. वजन जास्त असल्यास ते घटवल्याचाही फायदा होतो. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय आणि हात कठड्यावर, ही सवय उपयोगी पडते.

पण सगळा भार व्यायामावर टाकून चालणार नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातील जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा, तर सार्वजनिक इमारतींतील १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. जुन्या इमारतींत पायऱ्या अनेकदा उंच आणि असमान असतात, कठडाही एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला कठडा बसवणे सोसायटीला फारसे महाग नाही. स्थानकांवरही लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांचे नियोजन करताना उतरणाऱ्या प्रवाशांचा तितकाच विचार व्हायला हवा.