आर्ची आणि सतरा नंबरचा फॉर्म

मागे एका नामकरणाच्या कार्यक्रमाला आम्ही शिरूरला गेलो होतो. वंदना झाली, जेवणे झाली आणि मंडळी सावलीला गप्पा मारीत बसली. तेवढ्यात एक ताई जवळ येऊन बसल्या. रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जातात. म्हणाल्या, "दादा, एक विचारायचं होतं. माझी पोरगी आठवीला आहे. नाचते छान, बोलते चुरूचुरू. एक माणूस आला होता. म्हणाला, सिनेमात घेतो, पण आधी फोटोचे पंधरा हजार भरा. मी म्हटलं, शाळेचं काय? तर म्हणाला, शाळेचं काय घेऊन बसलात, रिंकू राजगुरूनं शाळा सोडली, तिचं काही बिघडलं का? आता तुम्हीच सांगा, काय करू?"

शिरूर असो की दौंड, घरोघरी अशी एखादी पोर असतेच. आरशापुढे उभी राहून ती आर्चीचे संवाद म्हणते. तिला हसू नये. पण रिंकूचे नाव घेऊन कुणी पैसे मागायला आला, तर रिंकूचे खरे काय झाले ते आपल्याला ठाऊक पाहिजे. म्हणून आजचे सदर त्यावर.

रिंकू आपल्यापासून फार लांबची नाही. दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसले की भिगवण मागे पडते, उजनीचे पाणी दिसू लागते आणि पुढे जेऊर येते. ते दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे गाव. 'सैराट'चे बरेचसे चित्रण त्याच करमाळा तालुक्यात झाले. रिंकूचे अकलूजही सोलापूर जिल्ह्यातलेच. जन्म ३ जून २००१ चा. आई-वडील दोघेही शिक्षक. २०१३ साली मंजुळे अकलूजला आले असताना ही मुलगी त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी तिची चाचणी घेतली आणि आर्चीच्या भूमिकेसाठी तिला निवडले.

पुढचे सारे तुम्हाला ठाऊक आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत 'सैराट' बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. मार्चमध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात रिंकूच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. २९ एप्रिलला चित्रपट लागला आणि शंभर कोटींचा पल्ला ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, पाटलाच्या घरात जन्मूनही जात न मानता प्रेम करणारी आर्ची घराघरांत पोचली. तिचा आणि परशाचा शेवट पाहून आपल्या वस्तीतली माणसे मात्र गप्प बसून राहिली. तो शेवट त्यांना नवा नव्हता.

तेव्हा रिंकू अवघी चौदा वर्षांची होती. जाईल तिथे गर्दी होऊ लागली. रोज शाळेत जाऊन बसणे अवघड झाले. इथवर त्या माणसाचे म्हणणे खरे आहे, रिंकूची रोजची शाळा सुटली. पण पुढचे त्याने सांगितले नाही. शाळा सुटली म्हणून तिचे शिक्षण सुटले नाही. ती बाहेरून दहावीला बसली. आपल्याकडे ज्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात, तोच हा मार्ग. २०१७ साली ती ६६ टक्के गुण मिळवून पास झाली. त्याच वर्षी 'सैराट'च्या कन्नड अवतारातही, म्हणजे 'मनसु मल्लिगे'मध्ये, ती नायिका होती. दोन वर्षांनी, २०१९ साली, बारावीला तिने ८२ टक्के मिळवले. ज्या मुलीच्या नावावर शंभर कोटींचा चित्रपट होता, ती परीक्षेच्या हॉलमध्ये इतर मुलींसारखीच पेपर लिहीत होती. आई-वडील शिक्षक असल्याचा हा फायदा म्हणावा, की त्या मुलीचे शहाणपण? आम्हाला वाटते, दोन्ही.

कामही थांबले नाही. २०१९ मध्ये 'कागर', २०२० मध्ये 'मेकअप', त्याच वर्षी लारा दत्ताबरोबर 'हंड्रेड' ही हिंदी मालिका. २०२१ मध्ये आलेला '२०० हल्ला हो' आमच्या वाचक भगिनींनी जरूर पाहावा. २००४ साली नागपूरच्या कस्तुरबा नगरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे छळणाऱ्या गुंडाला भर न्यायालयात संपवले, त्या घटनेवर तो बेतलेला आहे. त्यात रिंकूने वस्तीतल्या बायकांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या शिकलेल्या दलित तरुणीचे काम केले. २०२२ च्या 'झुंड'मध्ये, जिथे पडद्यावर भीमजयंती दणक्यात साजरी होते, ती कागदपत्रांसाठी हेलपाटे घालणारी आदिवासी मुलगी झाली. २०२३ मध्ये 'झिम्मा २' आला. एका चित्रपटापुरती चमकून गेलेली पोर ती राहिली नाही.

लहानपणी पडद्यावर आलेल्या सगळ्याच मुलींना असा निवांतपणा मिळाला नाही. जुन्या मंडळींना नंदा आठवत असेल. मास्टर विनायक यांची ही मुलगी. १९४७ साली वडील वारले तेव्हा ती आठ वर्षांची होती. घरावर ओढवलेल्या अडचणीत 'बेबी नंदा' म्हणून ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. पुढे 'तूफान और दिया' आणि 'जब जब फूल खिले' अशा चित्रपटांतून ती मोठी नायिका झाली. २०१४ मध्ये ती गेली. तिचे यश मोठेच, पण संसाराचा भार खेळण्याच्या वयात खांद्यावर आला, हेही खरे.

हॉलीवूडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. शर्ली टेंपल ही अमेरिकेतली मुलगी तिसऱ्या-चौथ्या वर्षी पडद्यावर आली आणि दहा वर्षांची होण्याआधी तिकडची सर्वांत मोठी तारका झाली. तिने तीस लाख डॉलरहून अधिक कमावले. मोठी झाल्यावर हिशेब पाहिला, तर पन्नास हजार डॉलरसुद्धा शिल्लक नव्हते. चॅप्लिनच्या 'द किड'मधला जॅकी कूगन याचीही तीच गत झाली. त्याला स्वतःच्या आईवर आणि सावत्र बापावर दावा लावावा लागला. त्या प्रकरणानंतर १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला.

आपल्याकडेही आता नियम आहेत. ते त्या ताईंना ठाऊक नव्हते, म्हणून इथे देतो. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलांना कलाकार म्हणून काम करता येते, पण शाळेच्या शिक्षणावर परिणाम होता कामा नये. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम नाही. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. तो सज्ञान झाल्यावर त्यालाच मिळतो.

तेव्हा ताई, तो माणूस पुन्हा दारात आला तर चहा द्या आणि तीन गोष्टी विचारा. परवानगीचा कागद कुठे आहे? पोरीच्या नावाची ठेव कोणत्या बँकेत ठेवणार? चित्रण चालू असताना तिचा अभ्यास कोण घेणार? आणि एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. काम करणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, त्याच्याकडून घ्यायचे नसतात. कंपनीत पहिल्या दिवशी जाताना तुम्ही मालकाला पंधरा हजार दिले होते काय?

पोरीला नाही म्हणू नका. शाळेच्या स्नेहसंमेलनात, जयंतीच्या नाटकात तिला उभी करा. खरोखर चांगले काम चालून आले तर कागद पाहून जरूर पाठवा. पण दप्तर माळ्यावर टाकून नव्हे. एखाद्या वर्षी रोजची शाळा जमली नाही, तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. रिंकूने आपल्या पोरींना दाखवलेली वाट हीच.

जाता जाता सांगतो. परवा त्या ताईंचा फोन आला. तो माणूस आला होता. बँकेच्या ठेवीचे विचारल्यावर "साहेबांना विचारून सांगतो" म्हणून गेला, तो परत आला नाही. पंधरा हजार वाचले. पोरीची घटक चाचणी चालू आहे, आणि स्नेहसंमेलनात तिला काम मिळाले आहे, सावित्रीमाईंचे.

जयभीम.