आधी गटार दाखवा

'शाश्वत' या शब्दाशी आपलं जुनं भांडण आहे. जगात काहीतरी शाश्वत आहे म्हणणाऱ्यांना तथागतानं अडीच हजार वर्षांपूर्वीच झाडलं होतं. आता तोच शब्द टाऊन प्लॅनिंगच्या टेबलावर येऊन बसलाय. शाश्वत शहर, शाश्वत विकास, शाश्वत नदीकाठ. खरं तर या देशात एकच नगररचना शाश्वत ठरली : गावाचा उतार जिकडं, सांडपाणी जिकडं, तिकडं आमचा वाडा. तिला ना कन्सल्टंट लागला ना कायदा.

भंडाऱ्याचंच घ्या. ऑगस्ट 2020 संपता संपता वैनगंगा शहरात घुसली. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलेलं, खाली गोसेखुर्दची सगळी 33 दारं उघडावी लागलेली. सखल वस्त्या पाण्यात. आणि महिन्याभरात, 2 ऑक्टोबरला, सरकारनं 'माझी वसुंधरा' अभियान काढलं. पंचतत्त्वं! भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश. कुठल्या शहरानं काय केलं त्याचे मार्क. मार्क म्हटल्यावर झाडं लागली, भिंती रंगल्या. मी विचारतो, गटारात उतरणारा माणूस कुठल्या तत्त्वात मोडतो? भूमीत की जलात? मेल्यावर पाचांतही विलीन होतो, एवढंच.

झाडावर माझा राग नाही. पण झाड कुठं लावायचं हे कोण ठरवतं, कधी ठरवतं, ते बघा. आपली पोरं बुलडोझर आला की मोर्चा काढतात. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम वाचा, झोप आली तरी वाचा. विकास आराखडा करण्याचा इरादा आधी जाहीर होतो. मग जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा होतो. त्या नकाशावर पुढची वीस वर्षं बेतली जातात. तयार आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात त्या यानंतर, सगळं शिजून झाल्यावर. मीठ कमी की जास्त, एवढं सांगायला आपल्याला ताटावर बोलावतात. चुलीपाशी येऊ देत नाहीत. ती खोड जुनीच.

जिल्ह्यातल्याच एका कचेरीत मी असा नकाशा पाहिला. माझ्या मावशीची वस्ती शोधत होतो. चाळीस वर्षांची वस्ती. विहार, हातपंप, दारादारात विड्या वळणाऱ्या बाया. नकाशात तिथं नुसता हिरवा रंग.

"हे काय, साहेब?"

"ओपन स्पेस आहे ना ते."

"तिथं माणसं राहतात."

"असतीन राहत. रेकॉर्डवर नाही ना."

झालं! उद्या त्या हिरव्या रंगाची बाग होणार आणि मावशी अतिक्रमण ठरणार. तिला हाकलायला पर्यावरणाचा दाखला देणार. पूररेषेचंही तेच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. (हटवायच्या रेषेला रंगसुद्धा आमचाच मिळाला.) रेषा हवीच, पुरात आमचीच लेकरं वाहून जातात. पण निळ्या रेषेच्या आत आम्ही हौसेनं गेलो काय? उंचावरची जमीन कुणाच्या नावावर आहे? त्याच नकाशावर, त्याच दिवशी, उंचावर आमची जागा राखून दाखवा. मग हलू.

रस्त्याची साधी रेघसुद्धा भोळी नसते. 29 सप्टेंबर 2006 ला याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठेचून मारलं. त्यामागं त्यांच्या शेतातून रस्ता काढण्याचा जुना वाद होता. ज्यांना नकाशा म्हणजे इंजिनिअरचं काम वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता मैल्याकडं येऊ. नागपूरचा मैला नाग नदीतून कन्हानला जातो, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते आणि गोसेखुर्द ते पाणी अडवून धरतं. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी या धरणाचं भूमिपूजन केलं. खर्च सांगितला 372 कोटी, गेला हजारो कोटींवर. पण वरून येणारा मैला कुठं अडवायचा? नाग नदीच्या शुद्धीकरणाला केंद्राची मंजुरी यायला 2021 उजाडलं. आधी धरण, मग शुद्धी! मधल्या सगळ्या वर्षांत पाण्यात काय उतरलं ते ढिवरांच्या जाळ्यांना विचारा. आणि 2024 मध्ये त्याच जलाशयावर जलपर्यटनाचं भूमिपूजन. घ्या बोट, फिरा. इंदोऱ्यातलं पाणीही याच वाटेनं जातं, पण ते कुठं सोडायचं हे इंदोऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कोऱ्या कागदावर पहिली रेघ गटाराची मारा. मैला कुठून निघणार, कुठं शुद्ध होणार, तुंबल्यावर माणूस न उतरवता कसा मोकळा होणार? 2013 च्या कायद्यानं हातानं मैला काढायला बंदी आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख केली. मढ्याची किंमत वाढली, गल्लीची रुंदी वाढली काय? मशीनची गाडी शिरेल एवढी गल्ली आराखड्यात नसेल तर तिथं माणूसच उतरणार. तो कोणत्या जातीचा असणार हे सांगायला नको. म्हणजे त्याचं मरण वीस वर्षं आधी पट्टी-पेन्सिलीनं आखलेलं असतं, आणि आखणाऱ्यावर कधीच गुन्हा नोंदत नाही.

आपल्यातले काही म्हणतील, पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं खूळ, आपण भाकरीचं बोलू. अरे, महाडला काय होतं? पाणीच होतं ना? बोले ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा, आणि ओंजळीत पाणी घ्यायला बाबासाहेबांना 20 मार्च 1927 ला तळ्यावर जावं लागलं. ठरावातलं पाणी पिता येत नाही. आणि आपला नगरसेवक निवडून आला की होईल सगळं, असंही समजू नका. याच भंडाऱ्यानं 1954 च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेबांना पाडलं.

तेव्हा भंडारा, पवनी, तुमसर, साकोली, जिथं तुमची वस्ती आहे तिथं इरादा जाहीर व्हायची वाट पाहू नका. तुमच्यात आर्किटेक्चर शिकणारे आहेत, सिव्हिल डिप्लोमावाले आहेत. टेप घ्या, वही घ्या, घर मोजा, नळ मोजा, गटार कुठं तुंबतं ते लिहा. 2020 चं पाणी कुठवर चढलं ते म्हाताऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करा. लाईटबिल, रेशनकार्ड जोडा. नकाशाच्या दोन प्रती काढा. एक कचेरीत द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. दुसरी विहारात लावा.