जवळ्याची वीण आणि खाडीचे पाणी

जळकोटपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही मराठवाड्यातील आठवडी बाजारांत सुकट विकायला येते, आणि हाताला काम नसलेल्या दिवसांत मूठभर सुकट व भाकरी यांवर कित्येक घरांची एक वेळ निभावते. ही सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. तो मासा नव्हे. कोळंबीच्या गोत्रातला, बोटाच्या पेराएवढा कवचधारी जीव. उत्तर कोकणातील कोळ्यांच्या डोल जाळ्यांत तो भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर येतो.

खेकड्याची मादी अंडी पोटाखाली बाळगते. जवळ्याची मादी ती थेट पाण्यात सोडून देते. पुढे त्या अंड्यांचे काय व्हायचे ते पाण्याची उष्णता, त्याचा खारेपणा आणि त्यात विरघळलेला प्राणवायू हेच ठरवतात. पाणी उबदार असेल तर अंडी लवकर फुटतात, पिले झपाट्याने वाढतात. हे लाभाचे वाटेल. परंतु पुष्कळ कवचधारी प्राण्यांत अशी घाईने वयात आलेली मादी अंगाने लहान राहते, आणि लहान मादीची अंडीही थोडी. शिवाय पिले निघतील त्याच सुमारास पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचा चारा तयार असावा लागतो. ही वेळ चुकली तर भरघोस विणीतूनही पदरात काही पडत नाही. अरबी समुद्राचे पृष्ठजल गेली काही दशके तापत असताना ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मिठागरांतल्या आर्टेमियाची तऱ्हा निराळी. पाणी मानवेल तोवर तिची मादी जिवंत पिलांना जन्म देते. खारेपणा वाढला, प्राणवायू घटला की टणक कवचाची अंडी घालते. ती वर्षानुवर्षे कोरडी पडून राहतात आणि योग्य पाणी मिळताच फुटतात. गावतळ्यातली पाणपिसूही तळे आटण्याआधी अशीच टिकाऊ अंडी मागे ठेवते. (वर्गात बाटलीतला नमुना दाखवणाऱ्या शिक्षकाने एकदा मुलांना तळ्यावर न्यावे.) जवळ्याला मात्र असे बियाणे राखून वाफशाची वाट पाहता येत नाही. पाणी बिघडले की त्या खेपेची वीण बुडाली.

महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ सालचा आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी बंदी अनेक वर्षे पाळली जात आली आहे. माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रात माणसांच्या जीवितासाठी ती योग्यच होय. परंतु ही बंदी जाळ्यापुरती आहे. शहरांच्या सांडपाण्याला कोणताही बंदीकाळ नाही. सांडपाण्यातील घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि अंड्याला तोच हवा असतो. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. दर्जाने पाणी निवळत नाही.

कोळ्याने दोन महिने चूल मंद ठेवून विणीची किंमत मोजावी आणि नगरपालिकांनी मोजू नये, हा न्याय कोणता? बंदीच्या काळात खाड्यांतील प्राणवायू व खारेपणा यांची मोजमापे मासेमारी बंदरांवर फलक लावून प्रसिद्ध करावीत, आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिकेवर नियम मोडणाऱ्या नौकेइतक्याच तत्परतेने कारवाई व्हावी. नौकेचा परवाना अडवता येतो, तसे नगरपालिकेचे अनुदानही अडवता येते.