काळाचा घाला, म्हणे!

१५ जानेवारी २०१९. संक्रांतीच्या स्नानाला निघालेली बोट धडगाव तालुक्यात भूषा पॉइंटजवळ नर्मदेत उलटली. बोटीत साठेक माणसे होती, लेकुरवाळ्या बायासुद्धा. सहा जणांचे मृतदेह हाती लागले.

आपल्याकडे अशा वेळी घाला काळच घालतो. माणसे कधी चुकत नाहीत. चौकशीचे आदेश निघतात, वारसांना मदत जाहीर होते, नावाडी सापडला तर त्याच्यावर गुन्हा, आणि प्रकरण मिटते. १४ सप्टेंबर २०२१ला अमरावती जिल्ह्यात झुंज इथे, घरातल्या मयताच्या विधीसाठी जमलेले ११ जण वर्धा नदीत बुडाले. २४ मे २०२२ला तारकर्लीत स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. मे २०२४मध्ये उजनीच्या जलाशयात सहा. भूषाला काय चुकले, हे वर्धेकाठच्या कोणत्या गावाने ऐकले होते? झुंजला काय चुकले, हे उजनीच्या कोणत्या नावाड्याला कोणी सांगितले?

पाण्याखाली उतरणाऱ्यांनी मात्र मरणाचीही झडती घ्यायची रीत पाडली. शेक एक्स्ली हा अमेरिकेतला, पाण्याने भरलेल्या गुहांत शिरणारा पाणबुड्या. १९७९ साली त्याने एक छोटे पुस्तक काढले. गुहेत मेलेले लोक नेमके कुठे चुकले, ते त्यात मांडले होते. परतीची दोरी बांधली नव्हती. हवा राखली नव्हती. तिसरा हिस्सा हवा जाताना, दोन हिस्से परतीसाठी, हा नियम अशाच मरणांतून पक्का झाला. १९९४ साली मेक्सिकोत विक्रमी खोली गाठताना एक्स्ली स्वतः गेला. सोबत्यांनी त्याच्याही शेवटच्या डुबकीची चिकित्सा केली, आणि त्यामुळे त्याचे मोठेपण तसूभरही घटले नाही.

या पाणबुड्यांचा आणखी एक नियम आहे: कोणीही, कधीही, कारण न देता डुबकी थांबवावी, त्याला कोणी हसायचे नाही. आता आपल्या काठावर एखादी बाई म्हणू दे, ‘बोट भरली, मी पुढच्या फेरीला येते.’ देवाच्या कामाला निघालो आणि हिला भीती! नावाड्यानेच नकार दिला तर कोणी पुढारी दरडावतो, ‘घे रे अजून चार.’ थांबणाऱ्याला भित्रा ठरवणारे आपणच, आणि बुडाल्यावर छाती पिटणारेही आपणच.

भूषाचे पाणी म्हणजे नर्मदेवरच्या सरदार सरोवराचे पाणी; ते वर्षागणिक चढत गेले. १३८.६८ मीटर ही त्याची पूर्ण पातळी. वाहत्या नदीचा उतार ओळखणाऱ्या पाड्यांपुढे धरणाचे अथांग पाणी पसरले. बाजार, दवाखाना, सोयरिक, सगळे बोटीवर आले. ज्यांनी वाटा बुडवल्या, सुरक्षित बोट देणे त्यांच्याकडे लागत होते. ते राहिले बाजूला, आणि शिकलेली मंडळी आदिवासींच्या ‘अज्ञाना’वर बोलतात. चीड येते ती याची.

भाड्याच्या लोभाने बोट ठासून भरणाऱ्यावर खटला व्हावाच. पण खटल्याच्या भीतीने आरोपी गप्प बसतो, साक्षीदार शब्द गिळतो, अधिकारी आपली सही वाचवतो. खरे काय झाले ते शेवटी पाण्यातच राहते. म्हणून शिक्षेची जागा वेगळी हवी आणि शिकण्याची वेगळी.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा आहे; धडगावच्या ग्रामसभांना हे शिकण्याचे काम हाती घ्यायला कोणाची वाट पाहायची? पुढच्या संक्रांतीआधी नावाड्यांना आणि पाण्यातून वाचलेल्यांना बोलवावे. किती चढले, कोण उभे राहिले, बोट कुठल्या अंगाला कलली, लाइफ जॅकेट होते का आणि असले तर कुणाच्या अंगावर, हे त्यांना भिलोरीत, पावरीत बोलू द्यावे. ग्रामसेवकाने ते जसेच्या तसे उतरवावे आणि प्रती तारकर्लीला, उजनीला, वर्धेकाठी धाडाव्यात. तहसीलदारांनीही त्या सभेला जरूर यावे. फक्त मागच्या रांगेत बसावे.