दार रुंद झाले, पण कुणासाठी?

लोकशाही हळूहळू सगळ्यांपर्यंत पोचतेच, बायकांनी जरा धीर धरावा, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या १७७६ च्या घटनेत मताचा हक्क 'रहिवाशां'ना होता. पन्नास पौंडांची मालमत्ता असली की झाले. त्यामुळे मालमत्ता असलेल्या विधवा आणि अविवाहित बायका तिथे मत देत. १८०७ मध्ये कायदा बदलला आणि मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांचे उरले. पुढच्या काही दशकांत एकेका राज्यात मालमत्तेची अट उठत गेली. गोरा शेतकरी, कारागीर, मजूर मतदार झाला. १८२८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन निवडून आले तेव्हा 'सामान्य माणसाचे राज्य आले' असा गजर झाला. त्याच लाटेत १८३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने काळ्या पुरुषांचे मत काढून घेतले. म्हणजे मालमत्तेची अट गेली आणि तिच्या जागी वर्ण आणि लिंग यांची अट बसली. बायकांना देशभर मत मिळायला १९२० साल उजाडले.

हे दूरचे उदाहरण मी देते आहे, कारण आपल्या किनाऱ्यावरही लढे सगळ्यांचे आणि फळ पुरुषांचे असे घडले आहे. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. सहा वर्षे शेते पडीक राहिली, तेव्हा चुली बायकांनीच पेटत्या ठेवल्या. पुढे कूळकायदे झाले, पण जमिनीला नाव लागले ते बहुतेक घरच्या पुरुषाचे. मताचेही तसेच. १९३५ च्या कायद्यात पुष्कळ बायकांना मत मिळाले ते नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधाराने.

१९५० च्या संविधानाने ही लाचारी संपवली. अमेरिकेसारखी टप्प्याटप्प्याची वाट न धरता सर्वांना एकदम मत दिले. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत एकतृतीयांश जागा आल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. हे आपल्या चळवळीचे मोठे यश आहे.

पण जागा वाढत असतानाच उंबरठ्यावर नव्या अटी आल्या. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले. २०२० मध्ये ते रद्द झाले, २०२२ मध्ये पुन्हा आले. थेट निवडणुकीबरोबर १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असण्याची अट आली. दोन अपत्यांची अट तर त्याआधीपासूनच होती. कागदावर दोन्ही अटी स्त्री-पुरुषांना सारख्याच. पण धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळेतून काढतात ती मुलगीच ना? आणि तिसरे मूल हवे की नको, हे किती घरांत बाईला विचारतात? ज्या अन्यायाला ती बळी पडली, तोच आता तिची अपात्रता ठरतो.

थळ, नवगाव, बोडणीची कोळीण उजाडायच्या आत मासळीची पाटी उचलते, ती विकून दुपारी परतते. ग्रामसभा भर सकाळी ठेवली तर तिने कुठे जायचे? ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती सह्यांपुरती झाली तर तिचा उपयोग काय?

मैत्रिणींनो, आपल्या मागण्या साध्या आहेत. शिक्षणाची आणि अपत्यांची अट रद्द व्हावी. महिला सभेची वेळ बाजाराची वेळ पाहून ठरावी. तिचे ठराव ग्रामसभेत वाचले जावेत आणि इतिवृत्तात लिहिले जावेत. पुढच्या ग्रामसभेला जाऊन मागच्या महिला सभेचे इतिवृत्त दाखवा म्हणून सांगा. तिथूनच सुरुवात करू. न्यू जर्सीच्या बायकांचा मिळालेला हक्कही काढून घेतला गेला, हे लक्षात असू द्या.